पिवळा पाळणा निळा होणार म्हणं! एका आकाशपाळण्याच्या रंगाचं अख्खं प्रकरण

केस आधी थोडक्यात सांगतो, मग खोलात जाऊ. आपल्या मराठवाड्यात जत्रा-जत्रा फिरणारा एक आकाशपाळणा आहे, रिंग आणि आरे गोल्डन यलो, बसायचे डबे पीओ रेड, म्हणजे पोस्टाच्या पेटीचा लाल, आणि पावसाळ्यात तो उतरवून यार्डात पडलेला असताना कुणीतरी म्हणलं की मालक त्याला निळा करायलाय, झालं, तिथून नवरात्र बसेपर्यंत लोकांनी त्या माणसाला सळो की पळो करून सोडलं. माझं इंडस्ट्रियल रंगांचं दुकान आहे, रंग माझ्याकडूनच जाणार होता, त्यामुळं भांडणाच्या दोन्ही बाजू मला काउंटरवर बसून फुकटात ऐकायला मिळाल्या. मालकाचं नाव घालत नाही, त्याला आधीच लई ताप झालाय. सगळे त्याला शेठ म्हणतात, आपणही शेठच म्हणू.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी. पाळणेवाल्यांचं वर्ष पंचांगावर चालतं. नवरात्रात संभाजीनगरच्या छावणीत कर्णपुऱ्याची यात्रा, मार्गशीर्षात लोहा तालुक्यातलं माळेगाव, म्हणजे खंडोबा आणि घोड्यांचा बाजार, महाशिवरात्रीला कुणी लातूरच्या सिद्धेश्वराला जातं कुणी परळीला कुणी औंढ्याला, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणची नाथषष्ठी, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई. एकाच माणसाला सगळ्या जत्रा मिळत नाहीत, जागेचा जसा लिलाव होईल तसं. पण प्रत्येक ठिकाणी पाळणा उभा करायचा म्हणजे आरे जोडायचे, नटबोल्ट-पिना ठोकायच्या, आणि जत्रा उठली की परत सगळं खोलून ट्रकात टाकायचं. ह्या ठोकाठोकीत रंग नेमका जोडावरच उडतो, आणि रंगाची खरी गरज पण जोडालाच असते. म्हणून दर पावसाळ्यात यार्डात थोडीफार रंगरंगोटी होते, ब्रश मारून, उडालं तिथं ठिगळ लावून. लोकांना हे दिसत नाही. त्यांना दरसाल पिवळा पाळणा दिसतो.

ह्या वेळी काय झालं, शेवटची जत्रा उरकून पाळणा उतरवताना शेठच्या पोराला एका आऱ्याच्या बुडाशी, जिथं आरा मधल्या हबला येऊन मिळतो तिथल्या तिकोनी पट्टीच्या वेल्डिंगजवळ, बारीक तपकिरी रेघ दिसली. रंग पिवळा होता म्हणून दिसली, हे जरा ध्यानात ठेवा. पोरगं हुशार, त्यानं त्यावर ब्रश न मारता फॅब्रिकेटरला बोलावलं. फॅब्रिकेटरनं तेवढ्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा केला, साफ करून लाल डाय, म्हणजे फटीत शिरणारा पातळ रंग, मारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला. तडा असला की त्यात शिरलेला लाल डाय पांढऱ्यावर उमटून येतो. उमटला. लहानच तडा होता, ग्राइंडरनं उकरून काढला, परत वेल्ड केलं, परत तीच टेस्ट केली, साफ आला. पण शेठच्या डोक्यात किडा शिरला की एका जोडावर निघालं तर बाकीच्यांचं काय, आणि ही टेस्ट रंगावरून होत नाही, जोड उघडा करावा लागतो. म्हणून ठरलं की ह्या पावसाळ्यात ठिगळं नकोत, अख्खा पाळणा घासून काढायचा.

म्हणजे सुरुवातीला रंग बदलायचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. सगळं वेल्डिंगपासून निघालं.

घासलेलं लोखंड पावसाळ्यात उघडं ठेवता येत नाही, एका रात्रीत त्यावर गंजाची पूड धरते. म्हणून जसजसे आरे घासून, टेस्ट होऊन मोकळे झाले तसतसा त्यांच्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंज रोखणारा थर, मारला, रेडऑक्साइड झिंक फॉस्फेटवाला, विटकरी-तपकिरी दिसतो तो. वरचा कोट मारायचा होता पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा, दोन डब्यांचा, एक बेस आणि एक हार्डनर, मिसळला की काही तासांत संपवायचा. पीयूच्या हार्डनरला दमट हवा चालत नाही, पाण्याशी त्याची रिॲक्शन होते, फोड येतात नाहीतर चमक जाते. आणि यंदा पाऊस काही उघडीप द्यायला तयार नव्हता (मराठवाड्यात पावसाबद्दल तक्रार करायची म्हणजे पाप, पण ह्या कामासाठी केली). त्यामुळं ते विटकरी आरे यार्डात रस्त्याच्या कडंला आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहिले, येणारे-जाणारे बघत राहिले. पहिली बातमी फुटली ती हीच, "पाळणा चॉकलेटी करायलेत."

प्रायमर बघून लोकांनी रंग ठरवायचं हे काही आपल्याकडंच होतं असं नाही हं. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, १९३७ ला उघडला, त्याला अमेरिकन नौदलाला काळे-पिवळे पट्टे पाहिजे होते, आर्मीच्या विमानवाल्यांना लाल-पांढरे. आर्किटेक्ट आयर्विंग मॉरोनं पुलाच्या लोखंडावर आलेला लालसर प्रायमर बघितला, त्याला तोच त्या टेकड्यांपुढं आवडला आणि त्यातून तो प्रसिद्ध नारंगी आला. आपल्या शेठला मात्र प्रायमर आवडलेला नव्हता, त्याला फक्त पाऊस थांबायला पाहिजे होता.

दुसरी बातमी फुटली ती जरा माझ्या दुकानातून. शेठ म्हणला एवढा खर्च करायलोच तर टिकाऊ रंग सांगा. मी जे खरंय ते सांगितलं, की उन्हात टिकायचं असंल तर निळा आणि हिरवा, कारण त्यात जे थॅलो जातीचं पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, असतं ते ऊन फार चांगलं झेलतं. पिवळ्याचं अवघड आहे. जुन्या काळचा झकास पिवळा यायचा तो लेड क्रोमेटमधून, एका हातात, म्हणजे एका थरात, खालचं सगळं झाकून टाकायचा. पण त्यात शिसं. आपल्याकडं घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आणणारे नियम २०१६ ला आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले, इंडस्ट्रियल रंग त्यात येत नाहीत म्हणून काही जण अजूनही तसला पिवळा विकतात, पण ज्या डब्यात लेकरं बसणार, हात लावणार, तोच हात तोंडात घालणार, तिथं मी शिसं देत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालंल. शिशाशिवायचा पिवळा घ्यायचा तर तो खालचं लवकर झाकत नाही. निळा दोन हातांत बसतो, पिवळ्याला तीन लागतात, प्रायमर विटकरी असला तर कधी चार. हात वाढला की रंग वाढला, मजुरी वाढली, आणि पावसाच्या दोन उघडिपींमध्ये ते बसवायचं म्हणजे अजून डोकेदुखी.

हां, आणि जुना पिवळा घासताना जी धूळ उडते तिच्यात तेच जुनं शिसं असतं, म्हणून मी मिस्त्रीला पाणी मारून घासा, मास्क लावा, लेकरं जवळ येऊ देऊ नका असं तीनतीनदा सांगितलं. ह्या अख्ख्या प्रकरणात ह्यावर एकाही माणसानं एकही प्रश्न विचारला नाही. असो.

तर शेठनं एका आऱ्यावर नमुना मारून बघितला, अर्धा ऑक्सफर्ड ब्लू (गडद निळा), अर्धा फिरोजी, शेडकार्डावरचा इवलासा चौकोन आणि आठ-दहा फुटांचा आरा ह्यात लई फरक पडतो म्हणून. त्याच संध्याकाळी कुणीतरी त्या आऱ्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतोय तर पहिलाच माणूस, "पिवळा पाळणा निळा करायलेत म्हणं?"

"कोण म्हणलं?"

"समदेच म्हणायलेत."

आता लोकांचं. हा भाग सविस्तर सांगतो कारण मला स्वतःला ह्यात जास्त रस होता. वरवर सगळे एकच म्हणत होते, निळा नको. पण प्रत्येकाचा नको वेगळा होता, आणि शेठनं सुरुवातीला सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं तिथंच त्याची दमछाक झाली.

पहिले आले ते जत्रेतच पोट भरणारे. रेवड्या-बत्तासेवाली मावशी, बांगड्यांचे दुकानदार, रसवंतीवाला. त्यांच्यासाठी पिवळा पाळणा म्हणजे पत्ता. "पिवळ्या पाळण्याच्या उजव्या अंगाला" असं सांगितलं की जुनं गिऱ्हाईक बरोबर येतं. जत्रेत दुकानांना नंबर असतात खरं, पण ते कुणी वाचत नाही. हरवलं-सापडलंच्या मांडवात माइकवर बसणारा गडी तर थेट शेठकडं गेला. त्याचं म्हणणं, दिवसातून कितीतरी वेळा मी ओरडतो की अमुक गावच्या आजी पिवळ्या पाळण्याजवळ उभ्या आहेत, त्यांच्या माणसांनी घेऊन जावं, आता जत्रेत दुसरे दोन पाळणे निळेच आहेत, मी काय सांगू, कोणता निळा? ह्या माणसाचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. त्याला रंगाचं प्रेम वगैरे काही नव्हतं, त्याला फक्त वेगळा रंग पाहिजे होता. शेंदरी केला असता तरी त्याला चाललं असतं.

मग फोटोवाले घरचे. दरसाल कर्णपुऱ्याला जायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, आणि त्याच पाळण्याखाली फोटो काढायचा असा काही घरांचा नेम आहे. एक ताई मोबाइलमध्ये दाखवायला लागल्या, लग्नानंतरचा पहिला, मग पोटात लेकरू असतानाचा (त्या वर्षी वर बसल्या नाहीत, खालीच उभ्या), मग लेकरू कडेवर, मग लेकरू स्वतः डब्यात. मागं पाळणा पिवळाच. "निळा केला तर पुढचा फोटो ह्यांच्यातला वाटणार नाही हो भाऊ." ह्याच्यावर मी काय बोलणार? गप्प बसलो आणि चहा सांगितला.

कॉलेजच्या पोरांचं उलटंच. ती म्हणली निळा तर नकोच पण पिवळा पण नको, काळा करा. का, तर रात्री एलईडी पट्ट्या काळ्यावर उठून दिसतात, सांगाडा दिसतच नाही, नुसता उजेड फिरतोय असं वाटतं. हे काही चुकीचं नाही बरं का. पिवळ्या सांगाड्यावर निळी एलईडी पडली की रंग मळकट हिरवट दिसतो, तुम्हीही बघितलं असंल. पण ही पोरं जत्रेत येतात रात्री नऊला. चैत्रात भर दुपारी लेकरांना घेऊन येणाऱ्या खेड्यातल्या बायांना काळ्या लोखंडी दांडीला हात लावून बघायला सांगा म्हणावं. चाळीसच्या वरच्या उन्हात गडद रंगाचं लोखंड हलक्या रंगाच्या मानानं जास्त तापतं, आणि पाळण्यात दांडी सोडता येत नाही.

आणि मग ते लोक, ज्यांची मला आधीपासून धास्ती होती. आपल्याकडं रंग नुसता रंग नसतो. निळा म्हणलं की एक अर्थ निघतो, भगवा म्हणलं की दुसरा, हिरवा म्हणलं की तिसरा, आणि निवडणूक जवळ असली की प्रत्येकाचे दोन-दोन. शेठला एकानं सरळ विचारलं, "कुणाचे पैसे घेतले?" दुसरा म्हणला निळा करायलास तर पलीकडच्या तुझ्या ड्रॅगन ट्रेनला (रुळावर फिरणारी छोटी गाडी) भगवा कर, म्हणजे बरोबरी. तिसऱ्याला वाटलं की निळा ही हिरव्याची पहिली पायरी आहे, आता ह्याला काय उत्तर द्यावं. शेठ बिचारा थॅलो पिगमेंट थॅलो पिगमेंट करत बसला आणि ऐकणारा म्हणतोय ही कोणती पार्टी. हसू येतं, पण शेठची त्या दिवसांतली झोप खरंच उडाली होती, कारण ज्या माणसाचं पोट सगळ्या जातीधर्माच्या गर्दीवर आहे त्याच्यावर असला शिक्का बसणं परवडत नाही.

सगळ्यात भारी माणूस मात्र एक म्हातारे आजोबा निघाले. सगळे पिवळा-पिवळा करत असताना ते शांतपणे म्हणले, हा पाळणा पिवळा नव्हताच, हिरवा होता. लोक हसले. शेठनं हा पाळणा दुसऱ्याकडून जुना विकत घेतलेला, त्यालाही माहीत नव्हतं. पण मिस्त्रीला माहीत होतं! ग्राइंडर फिरवताना एका कोपऱ्यात जिथं रंग जाड साठला होता तिथं थर उघडे पडले होते, वर पिवळा, त्याखाली जरा लिंबाकडं झुकणारा पिवळा, मग जवळजवळ नारंगी म्हणावा असा, आणि सगळ्यात खाली, लोखंडाला चिकटून, बस ग्रीन. आजोबा बरोबर होते. आणि त्याहून मजा म्हणजे ज्याला लोक "आपला तो पिवळा" म्हणत होते तो पिवळा एक नव्हताच, निदान तीन पिवळे होते, दरवेळी जो डबा स्वस्त मिळाला तो मारलेला. भारतीय मानकाच्या शेडकार्डात, आयएस ५ मध्ये, लेमन यलो ३५५ नंबरला आणि गोल्डन यलो ३५६ ला, एकाला एक लागून, पण भिंतीवर शेजारी मारून बघा, कुणीही म्हणंल दोन वेगळे रंग. पाळणा एकातून दुसऱ्यात गेला तेव्हा कुणालाच पत्ता लागला नाही.

ह्याच्यावरून माझं असं मत झालं की लोकांना शेड आठवत नसते, लोकांना रंगाची जात आठवते, पिवळ्यातला तो. त्या जातीच्या आत तुम्ही कितीही सरका, कुणी बोलत नाही, कुंपण ओलांडलं की गोंधळ. शेठला मी हे तेव्हाच बोललो होतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला परदेशातल्या राइडींचं भलतं वेड, प्रत्यक्षात अजून खोपोलीच्या पार्कच्या पुढं गेलेला नाही पण माहिती सगळी तोंडपाठ. तो म्हणला मामा हे तर तिकडं कायमच चालतं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये स्पेस माउंटन म्हणून राइड आहे, १९७७ पासूनची, पांढरा शुभ्र घुमट. १९९८ ला त्यांनी तो सगळा भागच तांबूस-सोनेरी-हिरव्यात रंगवून काढला, जुने चाहते नाराज, आणि २००५ ला राइड दुरुस्त होऊन परत उघडली तेव्हा घुमट परत पांढरा. फ्लोरिडातला सिंड्रेलाचा किल्ला, १९७१ चा, तो १९९६ ला पंचविशीसाठी चक्क गुलाबी केक केला होता. त्यावरून लोक अजूनही भांडतात, निम्मे म्हणतात भयानक होता आणि निम्म्यांच्या लहानपणीचा तोच असल्यानं त्यांना तोच आवडतो. मग २०२० ला परत गुलाबीसर छटा दिली, आणि २०२५ ला कंपनीनं सांगितलं की पुन्हा जुन्याच्या जवळ जाणार, करडा, क्रीम, निळा. म्हणजे एवढी मोठी कंपनी, एवढे डिझायनर, तरी कुंपणाबाहेर गेली की फिरून आतच येते.

भाच्याचं पुढचं म्हणणं मला जास्त कामाचं वाटलं. तिकडं रंग बदलायचा असला की आधी चित्र दाखवतात, असा दिसणार म्हणून. लोक शिव्या देतात पण निदान खऱ्या गोष्टीला देतात. आपल्याकडं शेठनं काहीच सांगितलं नाही, त्यामुळं लोक प्रायमरला शिव्या देत होते, नमुन्याला देत होते, म्हणजे जे होणारच नव्हतं त्याला. मी शेठला म्हणलं एक कागद लावा यार्डाच्या गेटवर की बाबांनो हा प्रायमर आहे, काम वेल्डिंगचं चालूय, रंग ठरला नाही. शेठ म्हणला, वेल्डिंग लिहिलं तर लोक बसायचेच नाहीत. तो तिथंच अडला होता. तडा सापडला, दुरुस्त झाला, टेस्ट झाली ही खरं तर मिरवायची गोष्ट, पण जत्रेच्या धंद्यात तडा हा शब्दच उच्चारायचा नाही असा त्यांचा कायदा. मग रंगाच्या अफवा चालू राहिल्या तरी त्याला परवडत होतं, एका परीनं त्या अफवांनी त्याचा तडा झाकला. ही गोष्ट मला पटली नाही आणि मी तसं त्याला तोंडावर सांगितलं, आमची त्यावरून थोडी बाचाबाची पण झाली.

शेवटी रंग कोणता? मी रंग विकणारा, मी आधी निळा सुचवला होता टिकाऊपणासाठी, ते आजही खरंच आहे. पण शेठचं पोरगं एक वाक्य बोललं आणि माझ्या दृष्टीनं विषय संपला. ते म्हणलं, निळा असता तर मला ती रेघ दिसली असती का? नसती दिसली. गंजाचं पाणी तपकिरी असतं, ते पिवळ्यावर, पांढऱ्यावर, हलक्या करड्यावर लगेच दिसतं, ऑक्सफर्ड ब्लूवर संध्याकाळच्या उजेडात कुणाच्या बापाला दिसणार नाही, आणि काळ्यावर तर विषयच सोडा. पाळणा जोडणारी पोरं काही रोज डाय टेस्ट करत नाहीत, त्यांचं हत्यार म्हणजे डोळे, आणि डोळ्याला मदत करणारा रंग पाहिजे. म्हणजे गंमत बघा, मावशी पत्त्यासाठी पिवळा मागत होती, ताई फोटोसाठी, मांडववाला माइकसाठी, सगळ्यांची कारणं आपापली, आणि ज्या कारणासाठी पिवळा खरंच ठेवायला पाहिजे होता ते त्यांच्यातल्या कुणीच काढलं नव्हतं.

ठरलं ते असं. आरे आणि रिंग गोल्डन यलो, पीयूमध्ये, तीन हात. डबे पीओ रेडच, ते साध्या इनॅमलमध्ये, कारण तिथं दरसाल ठोकर बसते, दरसाल मारावंच लागतं, महागाचा रंग वाया. दांड्या हलक्या करड्या. जोडांवर रंग जाड साठू द्यायचा नाही, पातळ कोट, म्हणजे पुढच्या वेळी तडा रंगाखाली दडून बसणार नाही. आणि जे दोन तिरके पाय पाळणा तोलून धरतात, जे आधी पिवळेच होते, ते स्मोक ग्रे, कारण चिखल आणि काळ्या मातीच्या शिंतोड्यांनी पिवळे पाय दोन दिवसांत कळकट दिसतात. नमुन्याचा निळा आरा घासून परत प्रायमरला घेतला. बाकीचे आरेही प्रायमरवर लई दिवस पडल्यामुळं हलके घासावे लागले, नाहीतर पीयू धरत नाही, मिस्त्रीनं त्यावर जे शब्द वापरले ते इथं लिहिता येणार नाहीत. पाऊस उघडला आणि काम पळवलं.

नवरात्रात पाळणा उभा राहिला. मी मुद्दाम कान देऊन फिरलो. "बघा, ठेवला ना आपला तोच पिवळा, आपण बोललो म्हणून ठेवला" हे मी चार वेगवेगळ्या घोळक्यांत ऐकलं. तोच नव्हता, पीयूचा नवा पिवळा आधीच्यापेक्षा चांगला गडद आहे, चमक वेगळी आहे, शेजारी जुना आरा ठेवला असता तर लहान पोरानंही सांगितलं असतं. पाय पिवळ्याचे करडे झाले हे तर एकालाही दिसलं नाही, फोटोवाल्या ताईंनाही नाही, त्यांचा फोटो पायांच्या समोरच काढला तरी. राजकारणवाले आलेच नाहीत, त्यांना तोवर दुसरा विषय मिळाला असणार. काळावाली पोरं तेवढी नाराज, पण शेठनं त्यांना नव्या एलईडी पट्ट्या दाखवल्या, पांढऱ्या आणि वार्म (पिवळसर), निळ्या काढून टाकल्या होत्या, पिवळ्यावर त्या झकास दिसतात, पोरं गप्प बसली. तिकीट दहा रुपयांनी वाढलं होतं, त्यावर रंगाच्या निम्म्यानंही बोंब झाली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आजोबा मात्र येऊन गेले. वर बघितलं आणि शेठला म्हणले, हिरवा चांगला होता.

एक गोष्ट राहिली आणि ती अजून चालूच आहे. शेठला आता ड्रॅगन ट्रेन रंगवायचीय, कॉलेजच्या पोरांना खूश करायला अख्खी काळी, त्यावर लाल डोळे. पोरगं माझ्याकडं शेडकार्ड घेऊन आलं होतं. मी म्हणलं ड्रॅगनचं अंग काळं कर, डोळे काय पाहिजे ते कर, पण रुळाचे जोड आणि डब्यांच्या खालचे हुक जिथं वेल्डिंग आहे तिथं वीतभर पांढरा पट्टा सोड, लोकांना तो डिझाइन वाटंल, तुला गंज दिसंल. शेठ म्हणतोय पांढऱ्या पट्ट्यानं ड्रॅगन झेब्र्यासारखा दिसंल. पोरगं म्हणतंय दिसू दे. दोघांचं अजून ठरलेलं नाही, आणि यार्डाच्या गेटवर ह्या वेळी तरी कागद लावणार का हे मी विचारलं तर दोघंही चहा मागवायला लागले.